लेकीला न शिकवायचा मसाला

आईला जाऊन वर्ष झालं आणि तिच्या मसाल्याची बरणी तळाला गेली. बाबांनी दोन दिवस माझ्या कालवणाला नाक मुरडलं आणि मग फर्मान काढलं, "भिवंडीला जाऊ. आपल्या घरचा मसाला शिकून घे." एकोणीसशे सत्तरचं दशक, मे महिना. प्रवासाला याहून वाईट महिना नाही, पण मसाले मेमध्येच कुटतात.

ठाण्याहून एसटी. तिकीट रुपयाच्या आतबाहेर, बसायला जागा मिळाली तर नशीब. भिवंडी स्टँडवरून टांग्याने कामतघरला थोरल्या काकांकडे. काकांनी घराला लागून यंत्रमागांची शेड घातल्यापासून त्या खडखडाटात तिथे कुणी बोलत नाही, ओरडतं.

मी मसाला शिकायला आलेय म्हटल्यावर काका ओरडले तेही खास. "मसाला सुनंला शिकवतात, लेकीला न्हाय! लेक उद्या परक्या घरी जाणार, मसाला बी घेऊन जाणार." जन्मात कधी फुंकणी हातात धरली नाही, आणि हे मसाल्याचे राखणदार! ज्यांनी मला इथवर आणलं ते बाबाही मान डोलावत होते. मला दोघांची चीड आली. आईची चव या घरात अडकली होती आणि ती घेतल्याशिवाय मी हलणार नव्हते.

जेवायला कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आधी पुरुष बसले, एकमेकांना आग्रह करकरून जेवले. काकी आणि मी बसलो तेव्हा पातेल्यात रस्सा होता, कोलंबी नव्हती. एकत्र कुटुंबाच्या जिव्हाळ्यावर लिहिणाऱ्यांनी ते पातेलं पाहायला हवं होतं.

दुसऱ्या सकाळी काकी काकांना म्हणाली, "भावजींना अकलोलीच्या कुंडावर न्या की. गुडघं तरी शेकतील त्येंचं." दोघे गेले. (गरम पाण्याचं वर्णन हवं असेल तर दुसरा ब्लॉग शोधा, मी कुंड पाहिलंच नाही.) ते दिसेनासे होताच काकीने उखळ पुढे ओढलं.

"बस. संकेश्वरी मिरची दोन वाटे, लवंगी एक. दगडफूल शेवटाला भाज, न्हायतर कडू व्हतं."

"काका चिडतील," मी म्हटलं.

"चिडू दे. ह्यो मसाला या घरचा हाय कुठं? तुझ्या आईनं आणला गणेशपुरीवरनं, माहेराहून. मला तिनंच शिकवला. त्याच्या आधी हितं नुसतं तिखटमीठ."

मला आधी हसू आलं. मग आईची इतकी आठवण झाली की मुसळ खाली ठेवावं लागलं. आईने याचं श्रेय कधी एका शब्दाने मागितलं नव्हतं.

ठाण्याला परतल्यावर कालवण केलं आणि बाबांच्या शेजारी माझंही ताट वाढून घेतलं. पहिल्याच घासाला बाबा खूश. "याला म्हणतात आपल्या घरचा मसाला!"

"आईच्या माहेरचा," मी म्हटलं आणि काकीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

बाबांनी हातातली भाकरी संपवली. मग ताटात बघत म्हणाले, "एक भाकरी वाढ."

"मी जेवतेय. टोपलीत आहेत."

ते उठले. इतक्या वर्षांच्या संसारात टोपली कुठे असते हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे शोधायला वेळ लागला. येताना दोन भाकऱ्या आणल्या आणि एक माझ्या ताटात वाढली.