ताईंच्या खुर्चीची बॅटरी

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे ‘मीटर’ म्हणतात. बॅटऱ्या तपासायचं दुकान, आणि गिऱ्हाईक आलं की एकच पालुपद: "चार्जरवरून काढल्या काढल्या मोजू नका. तेव्हा मेलेलीसुद्धा भरलेली दिसते. जरा निवांत पडू द्या, मग लोड टाका. ओझं पडलं की खरं काय ते कळतं." ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

माझ्या थोरल्या नणंदबाई, ह्यांच्या ताई, आमच्याकडेच असतात. पायांत बळ नाही, पण बॅटरीच्या खुर्चीत बसून एकट्या शिवणवर्गाला शिकवायला जातात. कुणाचा हात लागत नाही, हाच त्यांचा तोरा. एकदा म्हणाल्या, "अरे, चढावर खुर्ची दमते रे हल्ली. मध्येच थांबली तर?"

हे घाईत. चार्जर उपटला, मीटरच्या पिना टेकवल्या, आकडा बघितला. "ठणठणीत आहे! बॅटरी नाही गं, तूच जड झालीस." आणि हसत गेले. जिभेला काही हाड? ताईही हसल्या.

पण तेव्हापासून त्यांचं जेवण कमी झालं. आग्रह केला तर "भूक नाही गं," म्हणून ताट सारायच्या.

परवा भर दुपारी खुर्ची चढावरच बंद पडली. अनोळखी माणसांनी ढकलत वर्गापर्यंत नेली, सगळ्या विद्यार्थिनींच्या देखत. ताई घरी आल्या त्या मान खाली घालूनच.

ह्यांनी खुर्चीखालच्या दोन्ही बॅटऱ्या दुकानात नेल्या. मी मागोमाग गेले, सोडते की काय! चार्ज केल्या, निवांत ठेवल्या, मग लोड टाकला. एक टिकली. दुसरीचा आकडा झरकन खाली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. शेजारचा शिंपी डोकावला, "काय मीटर, कोणाची ही?" ह्यांनी घाईघाईनं बॅटरीवर फडकं टाकलं.

नव्या बॅटऱ्या बसवून आले तेव्हा ताई जेवायला बसल्या होत्या. हे समोर उभे राहिले, लहान असताना राहत असतील तसे. "ताई, चुकलो. एक बॅटरी कधीचीच गेली होती. मी लोडच टाकला नव्हता. घरातलंच काम म्हणून..."

मला वाटलं, आता ताई चांगल्या झाडतील. झाडायलाच हवं होतं. त्यांनी ताट जवळ ओढलं.

"म्हणजे माझ्या वजनानं नव्हतं होत? मग आज पोटभर जेवू का रे?"

ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच वाढायला गेले, ताट भरलं तरी थांबेनात, शेवटी डाव मीच काढून घेतला.