मुक्ताची वेणी आणि बाल्कनीतली अंडी

माझ्या एकुलत्या एका मुलीचे केस मी घालवले. उपाशी ठेवून नव्हे, चांगलं खाऊपिऊ घालून!

मुक्ताचं लग्न ठरलं ते कुकटपल्लीच्या तेलुगू घरात. त्यांच्याकडे नवरीच्या वेणीवर पाठभर फुलांची जडा बांधतात. मुक्ताची वेणी कमरेपर्यंत, त्यामुळे तिने पहिलं स्वप्न पाहिलं ते त्या जडेचं. (नवऱ्याचा नंबर दुसरा असावा.) पण एक दिवस कंगव्यात चार केस जास्त आले आणि पोर हिरमुसली. मी लगेच मोबाइल उघडला. केसांना बायोटिन लागतं आणि ते अंड्यात असतं, एवढं वाचलं आणि मोबाइल ठेवून दिला. पुढचंही वाचायला हवं होतं, हे आज कबूल करतो.

अडचण एकच. आमच्या विद्यानगरच्या घरात अंडं शिजत नाही.

"कच्चं कितीबी खा," बायको म्हणाली, "माझ्या गॅसवर नक्को."

मग रोज सकाळी बाल्कनीत, चपलांच्या कपाटाशेजारी उकिडवा बसून मी चार अंडी फोडायचो. पिवळ्याने कोलेस्टेरॉल वाढतं, असं माझ्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं. ते मी मुक्तालाही लागू केलं. पिवळा भाग खालच्या मांजरीला आणि पांढरा मुलीला! मुक्ता नाक दाबून पेला रिकामा करायची. बाबा सगळं वाचूनच सांगत असणार, असं आईला म्हणायची.

तीन-चार महिन्यांत मांजर तुकतुकीत झाली. मुक्ताच्या नाकातोंडाभोवती मात्र लाल चट्टे उठले, ऑफिसातून आली की ती गळून पडायची आणि केस मुठीमुठीने यायला लागले. मी काय केलं? दोन अंडी वाढवली!

शेवटी बायकोच तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, मी मागोमाग. बाईंनी खाण्याची चौकशी केली, मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पीला कायकू फेंके, अंकल?"

मग त्यांनी समजावलं. भात, डाळ, तूप, काहीही खा. त्याची अंगात ताकद व्हायला बायोटिन हाताशी लागतं. अंड्यात ते असतं पिवळ्यात. कच्च्या पांढऱ्यात उलट असं एक प्रथिन असतं, जे आतड्यातलं बायोटिन घट्ट धरून ठेवतं आणि अंगाला लागू देत नाही. अंडं शिजवलं की त्याची पकड सुटते. म्हणजे गॅसवर दहा मिनिटं ठेवलं असतं तरी भागलं असतं! तपासण्यांत बाईंची शंका खरी ठरली. गोळ्यांनी चट्टे जातील, केसही येतील, म्हणाल्या, पण लग्नापर्यंत नाही.

मुक्ता रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. "जाऊ द्या बाबा, गंगावन लावू," एवढंच म्हणाली. ऑटोत मी सगळा वेळ रस्त्याकडे तोंड करून बसलो.

लग्नात जडा बांधली, गंगावनावर. पाहुणे कौतुक करत होते आणि मला खालची विरळ वेणी दिसत होती. निघताना मुक्ता पाया पडली. मी गहिवरून म्हणालो, "तिकडे काही दुखलंखुपलं तर मला विचार हं."

डोळे पुसत ती म्हणाली, "विचारीन बाबा. डॉक्टरांना दाखवून झाल्यावर."

मुलगी सासरी निघाली की बापाला तिची काळजी लागते. मला मात्र गाडी वळेपर्यंत एकच वाटत होतं: चला, पोर वाचली एकदाची!