उकंडरावांचं डिझेल

जळगाव जामोदजवळच्या एका खेड्याच्या शिवारात उकंडरावांची संत्र्याची बाग होती. बाग त्यांच्या नावावर, पण झाडं जगवली त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, डोक्यावर हंडे वाहून. विहिरीवर इंजिन आलं ते फार नंतर.

इंजिन आलं आणि उकंडरावांना चिंतेनं घेरलं. अरबांच्या लढाईत तेलाच्या जहाजांचा सुएझ कालवा बंद झाल्याचं त्यांनी रेडिओवर ऐकलं आणि जमिनीतलं तेल आता संपत आलं, असं मनाशी पक्कं केलं. तालुक्याला गेले की डिझेल आणायचं आणि गोठ्यातल्या पिंपात ओतून ठेवायचं. गोठ्यात बैल कमी, पिंपं जास्त झाली. गाव हसायचं. "हसा बे हसा," ते म्हणायचे. पाऊस मात्र त्यांच्या लेखी कधी चुकणारा नव्हता.

बहात्तर साली तो चुकला. तरी दिवाळीला विहिरीत पाणी होतं. पुष्पाबाई म्हणाल्या, "इंजिन लावा ना. झाडं माना टाकून राह्यले."

"आत्ताच डिझेल जाळलं तं उन्हाळ्यात काय करशीन? पाणी कुठी पळून जाते? विहिरीतच राह्यते."

पाणी विहिरीत राहिलं नाही. शेजारच्या दयारामच्या विहिरीलाही तोच झरा होता, आणि त्याचं इंजिन दिवसभर फुकफुक करत होतं. उभा जन्म शेतीत गेलेल्या माणसाला एवढं कळू नये! पण तेलाच्या काळजीत पाणी नजरेआड झालं. होळीला विहिरीचा तळ दिसू लागला. पिंपं भरलेली राहिली आणि बाग वाळली. झाडं सरपणाला तोडायची वेळ आली तेव्हा पुष्पाबाईंनी कुऱ्हाड दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागल्या.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. हिवाळ्यात अरबांनी तेल आवळलं, डिझेल मिळेनासं झालं, पंपावर रांगा लागल्या. उकंडराव खरे ठरले. दयाराम रिकामा डबा घेऊन आला. "काका, बाग फळावर आहे. थोडं डिझेल द्या न."

"थोडं काऊन? सगळं ने. मले कायले पाह्यजे आता?"

पिंपं गाडीवर चढली. दयाराम पाया पडून गेला. कितीतरी दिवसांनी उकंडरावांना हलकं वाटलं. ते ओट्यावर येऊन बसले. पुष्पाबाई तिथेच ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता त्यांनी विचारलं,

"त्यानं मांगतलं तं लगेच देल्लं. मी मांगत होती, तवा काऊन नाई देल्लं?"