सुपारी न ठेवणारा सरपंच

देवाजी आमच्या गावचे सरपंच होते ते जेमतेम एका हंगामापुरते. त्यांच्याविषयी कोणी जाणत्याने लिहायला हवे होते. मला लिहिण्याची सवय नाही. पण त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये भिंत एकच होती, म्हणून जमेल तसे लिहितो.

गाव आंधळगावच्या बाजूचे. धान सगळे तलावाच्या भरवशावर. देवाजींची शेती बेताची, आवाज मोठा. १९७२ साली ते ग्रामपंचायतीत निवडून आले. त्याच उन्हाळ्यात तलावाचे तुडूम दुरुस्त करायला अड्याळहून जागेश्वर नावाचा सुतार आला. तुडूम म्हणजे पाणी सोडण्याचे, तलावाच्या मातीच्या पाळीत बांधलेले दार. त्याच्या भोकांना लाकडी दट्टे मारतात. काम संपले, पण जागेश्वर परत गेला नाही. आपली हत्यारांची पेटी त्याने देवाजींच्या ओसरीत आणून ठेवली आणि ती तिथेच राहिली.

देवाजींच्या आई धुरपताबाई तेव्हा मुली पाहत होत्या. एका सकाळी देवाजींनी त्यांना सांगितले ते आम्हालाही ऐकू आले.

"माय, पोरी पाहनं बंद कर. मले बाईची ओढच नाई. जागेश्वर माया घरचा माणूस हाय. जलमभर."

धुरपताबाई म्हणाल्या, "अन् सयपाक कोण करन?"

"तो करते. तुयापरीस बरा करते."

त्यावर काहीतरी भांडे आपटल्याचा आवाज आला. बाई पुढे दिवाळीपर्यंत जागेश्वरशी बोलल्या नाहीत. एक दिवस त्यांनी त्याला वरणात मीठ कमी पडल्याचे सांगितले आणि तिथून बोलणे सुरू झाले.

देवाजींनी हे कोणापासूनच लपवले नाही. लोक हसले, काहींनी त्यांच्या घरचे पाणी पिणे सोडले. पण शाळेच्या छपरावर कवेलू चढवायचे असोत की पंपासाठी तहसीलला खेटे घालायचे असोत, जायचे देवाजीच. हळूहळू लोकांना सवय झाली.

१९७८ च्या निवडणुकीत पुंडलिकराव दुसऱ्या वॉर्डातून, त्यांच्या विरुद्ध गटाकडून उभे होते. घरचे सधन, माणूस वाईट नव्हता, पण पद आपल्या घरातच राहावे असे त्यांना वाटे. चौकातल्या सभेत ते म्हणाले, "दोन गड्यांचा संसार! हे गाव चालवतीन काय?"

देवाजी समोरच बसले होते. जागेवरून उठून म्हणाले, "हो, आमचा संसारच हाय. कधी नाई म्हटलं काय मी? अन् पुंडलिकभाऊ, तुमच्या घरचं दार जागेश्वरनंच बनवलं. बराबर लागते ना?"

सभा हसली. पुंडलिकरावही हसले. दोघेही निवडून आले; सात सदस्यांपैकी चौघांनी हात वर केल्याने देवाजी सरपंच झाले आणि पुंडलिकराव उपसरपंच.

खरी अडचण आश्विनात आली. आमच्याकडे तलावाचे पाणी सोडण्याआधी तुडुमाची पूजा होते, आणि ती सरपंचाने जोडीने करायची असते. ज्याला बायको नाही त्याने शेजारच्या पाटावर तिच्या जागी सुपारी ठेवायची. त्या वर्षी पाऊस लवकर गेला होता. धान निसवायला, लोंब्या टाकायला आले होते आणि शेताच्या बांध्यांतल्या मातीला भेगा पडू लागल्या होत्या. सारे गाव पाळीवर जमले.

पुंडलिकरावांनी आपल्या खिशातून सुपारी काढली. त्यांच्या मते ते देवाजींची सोयच पाहत होते.

देवाजींनी ती घेतली नाही. "ज्याच्या घरी कोणी नाई, तो सुपारी ठेवते. माया घरी माणूस हाय. जागेश्वर बसन."

"असं कुठं होते काय गा?" पुंडलिकरावांनी विचारले.

"मंग सुपारीसंग बसनारा मीबी नोहो."

कुजबुज सुरू झाली. ज्या चौघांनी हात वर केले होते त्यांतले दोघे पुंडलिकरावांच्या मागे जाऊन उभे राहिले. पुंडलिकराव जवळ येऊन हळूच म्हणाले, "अडून काहून बसतोस? एक सुपारी ठेव, पाच साल खुर्ची ठेव. पूजेपुरतं तर हाय."

जागेश्वरही म्हणाला, "ठेवून दे ना जी. मले काई वाटनार नाई."

"मले वाटन," देवाजी म्हणाले.

मग ते बांध्यांकडे पाहत थोडे थांबले आणि लोकांकडे वळले. "धान वाळून राहिलं. पूजा पुंडलिकभाऊ अन् शकुंतलावयनी करतीन. पाणी अडवाचं नाई. पन सुपारी मी ठेवनार नाई, आज बी नाई अन् उद्या बी नाई."

त्या नवराबायकोने पूजा केली, पाणी सुटले. त्याच महिन्यात अविश्वासाचा ठराव आला आणि मंजूर झाला. सरपंचाने पूजेची रीत मोडली, असे सभेत सांगण्यात आले. देवाजींनी कार्यालयाची किल्ली पुंडलिकरावांच्या हाती दिली आणि शेतावर गेले. सदस्य मात्र ते राहिलेच. पुढच्या निवडणुकीतही त्यांच्या वॉर्डाने त्यांनाच पाठवले. सरपंचपद पुन्हा मिळाले नाही.

१९८५ च्या उन्हाळ्यात शकुंतलाबाई काविळीने गेल्या. आश्विनात पुंडलिकराव पूजेला एकटेच बसले. शेजारच्या पाटावर सुपारी ठेवली होती. मंत्र चालू असताना ते तिच्याकडे पाहायचे टाळत होते हे मागच्यांनाही दिसत होते. हळद वाहायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात पुढे होईना. देवाजींनी पुढे होऊन त्यांच्या हाताला धरून पूजा पुरी करवली.

पुढच्या वर्षी पूजेच्या आदल्या दिवशी पुंडलिकराव देवाजींच्या ओसरीत आले. मी तिथेच होतो.

"माया हातून आता होत नाई, देवाजी. यंदा तू बस."

"मी सरपंच नोहो."

"सरपंच मी हाय. मी सांगून राहिलो." मग आत पाहून त्यांनी हाक मारली, "जागेश्वर, तूबी बसजो बाप्पा. सुपारी आननार नाई मी."

जागेश्वर हातात रंधा घेऊन बाहेर आला.

पूजेला काही घरांतले लोक आले नाहीत. बाकीचे आले. पाळीवरची जागा उंचसखल होती आणि जागेश्वरचा पाट डुगडुगत होता. त्याने मंत्र थांबवायला लावले, खिशातून लाकडाची एक चीप काढून पाटाखाली सारली, हलवून पाहिले आणि मग बसला.

"झालं काय मिस्त्री?" पुंडलिकराव मागून म्हणाले. "धान वाट पाहून राहिलं."