सुधाकरच्या गाडीवरचं नाव

वर्ध्याला लागून पिपरी मेघेला माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांवर नावं टाकतो. काळी बाहुली, लिंबू-मिरची, नजरेची चप्पल... सगळं विकतो, आणि माझ्या स्वतःच्या मोटारसायकलला आजवर एक धागाही बांधलेला नाही. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, बाहुलीनं फरक पडते का?" मी म्हणतो, "पडते नं. माह्या गल्ल्याले." असा मी माणूस. इथे या ग्रुपवर येणारे भुताखेतांचे अनुभव दुकानात बसून वाचायचो आणि खो-खो हसायचो. आता स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

आमच्या भागात गाडीचा नंबर पोलिसांसाठी असतो. माणसं गाडीला नावानंच ओळखतात, आणि नाव बहुतेक घरच्या लेकराचं असतं. मग ती गाडी म्हणजे तेच लेकरू होऊन जातं. "रोशन पंक्चर झाला", "ममता हिंगणघाटले गेली" — यात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

सुधाकर माझा शाळेपासूनचा दोस्त. समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या अलीकडे त्याचं गाव. त्यानं छोटा हत्ती घेतला — तुम्हाला माहीत असेलच, ती मालवाहू छोटी गाडी — आणि घरी जायच्या आधी थेट माझ्या दुकानात आणला. सोबत लेक, वैष्णवी. तेव्हा चौथीत होती. गुलाबी रंग तिनंच निवडला. वर हुकूम सोडला, "काका, वेलांटीवर एक तारा पाहिजे." तारा कापताना माझं ब्लेड सटकलं आणि एक टोक तुटलं. मी दुसरा कापायला घेतला तर म्हणते कशी, "राहू द्या नं काका! तुटका तारा कोनाच्याच गाडीवर नसन."

समोरच्या काचेवर नाव चढलं आणि गावात ती गाडी वैष्णवी झाली. कापूस न्यायचा असो की मंडपाचं सामान, सुधाकरला फोन यायचा, "वैष्णवी रिकामी हाय का?" संध्याकाळी वळणावर हॉर्न वाजला की पोरं ओरडायची, "वैष्णवी आली, वैष्णवी आली!" ते ऐकून वंदनावहिनी, म्हणजे सुधाकरची बायको, चुलीवर चहा मांडायच्या. मी त्यांच्या घरी गेलो की पोरगी मात्र तक्रार घेऊन यायची. "काका, मी घरी अभ्यास करून राह्यली अन् लोक म्हनते वैष्णवी वांगे घेऊन मंडीत गेली. काही इज्जतच नाई राह्यली माही!"

मागच्या पावसाळ्यात ती गेली. नववीत होती. ताप आला, डोक्यात चढला... डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. यापुढे त्याबद्दल माझ्यानं लिहवत नाही.

तेरवी झाली आणि सुधाकर गाडी घेऊन दुकानात आला. म्हणाला, "गजू, नाव काढून टाक." पुढे म्हणाला, "फोन येते बे. वैष्णवी कुठं हाय म्हून विचारते लोकं. त्याह्यच्या काही मनात नसते... पन वंदी घरात ऐकत असते नं. तिच्या जिवाचं काय होत असन?"

मी हेअर ड्रायरनं काच तापवली आणि एकेक अक्षर सोडवलं. तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता. निघालेलं रेडियम एकमेकांना चिकटून त्याचा गोळा झाला. तो गोळा त्यानं माझ्या हातातून घेतला आणि खिशात घातला. "दुसरं काही टाकू का?" विचारलं, तर म्हणाला, "नाई. कोरीच राहू दे."

पुढच्याच आठवड्यात वहिनी एकट्या एसटीनं वर्ध्याला आल्या. दुकानाची पायरीही चढल्या नाहीत.

"काऊन काढलं, भाऊजी?"

मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाले त्रास होते म्हनून सुधाकरनं..."

"मले काऊन त्रास होईन? दिवसातून दोन-चार डाव कोनी तं म्हने, वैष्णवी आली. खोटं तं खोटं... पन कानावर येत होतं. आता अख्ख्या गावात तिचं नाव घेनारं कोनी नाई. तुमचे दोस्त तं तोंडातून काढतच नाई. जशी कधी जन्मलीच नव्हती माही लेक!"

आणि भर रस्त्यात त्या रडायला लागल्या. मी सुधाकरला फोन लावला. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मले नाई जमत, गजू. रोज त्या काचंतून पाहून गाडी चालवा लागते मले." त्यानंतर घरात दोघांचं बोलणं जवळजवळ बंदच झालं. तिच्या जिवासाठी त्यानं नाव काढलं आणि तिचाच जीव तुटला... याला काय म्हणायचं?

थंडी पडली आणि वहिनींचा फोन आला. आवाज वेगळाच होता. "भाऊजी, सकाळी दव पडलं का काचेवर नाव दिसते."

मी समजावलं की रेडियम निघालं तरी गोंदाचा अंश काचेवर राहतो, तिथे दव वेगळं धरतं. नेहमीचीच गोष्ट आहे. कितीतरी गाड्यांवर मी जुन्या मालकाची नावं अशी पाहिलीत. वहिनी म्हणाल्या, "असन गोंद. पन दिसते नं." रोज सकाळी ऊन चढेपर्यंत त्या गाडीसमोर उभ्या राहायच्या. काच कोणाला पुसू द्यायच्या नाहीत. सुधाकरही तेवढा वेळ गाडी काढायचा नाही.

मग जाम गावाच्या रस्त्यावर एका ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला आणि काच पार फुटली. सुधाकरला खरचटलंही नाही. वर्ध्यात नवी काच बसवली, कागदात गुंडाळलेली, कोरी करकरीत. मी हजर होतो. बसवल्यावर मीच ती स्पिरिटनं पुसली. सुधाकर इतका गप्प होता की त्याला एकट्याला सोडवेना, म्हणून मीही गाडीत बसलो आणि त्याच्या गावी मुक्कामाला गेलो. वहिनींनी काचेवरून हात फिरवला. "आता तं गोंदही नाई राह्यला, भाऊजी," एवढंच बोलल्या. रात्री त्या जेवल्या नाहीत.

सकाळी चांगलंच उजाडलं होतं, पण धुकं होतं. मी ब्रश तोंडात घालून अंगणात आलो. सुधाकर गाडीसमोर फडकं घेऊन उभा होता. नुसता उभा.

काचेवर दव होतं. आणि दवात नाव होतं. वैष्णवी.

पहिला विचार आला, वहिनींनी बोटानं लिहिलं असेल. पण बोटानं लिहिलं की कडा फाटतात, पाणी ओघळतं. ही अक्षरं कापल्यासारखी होती. माझ्या हातची वळणं मी ओळखणार नाही तर कोण ओळखेल? काचेवर बोट फिरवलं. चिकट काही नाही, गुळगुळीत. वेलांटीवर तारा होता. एक टोक तुटलेलं. हो, मी घाबरलो, आणि घाबरलो त्यापेक्षा जास्त मला रडू आलं.

वहिनी दारात आल्या. त्यांना तिथून काच दिसत नव्हती, आमची तोंडं तेवढी दिसत होती. सुधाकरनं फडकं खाली टाकलं. लेक गेल्यापासून जे नाव त्यानं उच्चारलं नव्हतं, ते मोठ्यानं घेतलं.

"वंदे... वैष्णवी आली व."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि रोजच्या सवयीनं म्हणाव्यात तशा म्हणाल्या, "आली का? मांडू चहा?"

मग तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. वहिनी त्याच्याजवळ येऊन बसल्या. मी घरामागे निघून गेलो. परत आलो तोवर ऊन चढलं होतं आणि काच कोरी होती.

त्यानंतर कितीदा तरी दव पडलं. नाव पुन्हा कधी आलं नाही. सुधाकर गाडी घेऊन दुकानात आला, तेव्हा मी तेच नाव, त्याच गुलाबी रंगात टाकलं. तारा कापताना एक टोक मुद्दाम तोडलं. जुन्या काचेचं मी समजावू शकतो. नव्या काचेचं नाही. इथे बरेच शिकलेले लोक आहेत, कोणाला सुचलं तर जरूर सांगा. फक्त गोंद म्हणू नका.

परवा मी सुधाकरला फोन लावला, तर वहिनींनी उचलला. तो फोन घरीच विसरला होता. म्हणाल्या, "वैष्णवी हिंगणघाटले गेली हाय, भाऊजी. येते संध्याकाळी."