खिडकीपुरती रेंज

भांडायला मला मनापासून आवडतं, पण त्याला समोर माणूस लागतो. मोबाईल कंपनीच्या कस्टमर केअरनं माझ्या या आवडीचं जेवढं नुकसान केलं, तेवढं सासरच्या कुणीही केलं नाही. फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगायची, मराठीसाठी दोन दाबा. दोन दाबलं की तीच बाई हिंदीत सुरू व्हायची. मग तक्रारीसाठी हे दाबा, पॅकसाठी ते दाबा, असं करत ती मला सगळीकडं फिरवून पुन्हा दारात आणून सोडायची. मी इकडं पदर खोचून तयार, आणि तिकडं भांडायला चिटपाखरू नाही.

आम्ही तेव्हा शहराच्या टोकाला, पडेगावात नवीन रो-हाऊस घेतलं होतं. शहर चारी अंगांनी पसरत होतं, कालच्या ज्वारीच्या रानात आज प्लॉटिंगचे दगड दिसत होते. बिल्डरच्या बोर्डावर चोवीस तास पाणी, रुंद रस्ते आणि निसर्गरम्य परिसर असं लिहिलेलं होतं. निसर्ग होता. गच्चीवरून दौलताबादचा किल्ला दिसायचा. रस्ता होणार होता. पाण्याचं म्हणाल तर बोअरनं पहिल्याच उन्हाळ्यात हात वर केले, आणि त्यानंतरची दुष्काळाची वर्षं आम्ही टँकरवर काढली. मोबाईलच्या रेंजबद्दल बोर्डावर अक्षर नव्हतं, म्हणजे तेवढ्यापुरता तरी बिल्डर खरं बोलला होता.

आमच्या अख्ख्या गल्लीत रेंज नव्हती. होती ती फक्त आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. का, ते देवाला ठाऊक. मी घरबसल्या एका छापखान्यासाठी टायपिंग करायचे. लग्नपत्रिका, तेराव्याच्या पत्रिका, दुकानाच्या उद्घाटनाच्या. टाईप केलेलं पाठवायला प्रीपेडचं डोंगल घेतलं होतं. ते कॉम्प्युटरला लावलं तर मेल्यासारखं पडून राहायचं. मग मी लांब वायर आणून ते खिडकीच्या गजाला कपड्याच्या चिमट्यानं लटकवलं आणि मागं पुरणाची चाळणी उभी केली. चाळणीनं रेंज वाढते असं कुणीतरी सांगितलं होतं. वाढायची की नाही कोण जाणे, पण काढायची माझी हिंमत नव्हती. पॅक भरल्या दिवसापासून मुदत चालू आणि नेट मात्र वारा येईल तसं. छापखान्याचे मालक म्हणायचे, ताई, तुमची पत्रिका येईपर्यंत नवरीचं डोहाळजेवण होईल.

अशात सासूबाई आमच्याकडं आल्या. आल्या म्हणजे माझ्या नवऱ्यानं त्यांना जवळजवळ उचलून आणलं. गंगापूरकडच्या त्यांच्या गावात घरची विहीर आटली होती, मेंढरं दुष्काळात विकून टाकावी लागली होती, सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकट्या राहायच्या. लांबून पाणी आणताना बांधावरून पडल्या आणि मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गुराख्याच्या नजरेस पडेपर्यंत कुणाला पत्ता नाही. ते ऐकून माझा नवरा जेवता जेवता रडला होता. त्यामुळं त्यांनी आता तिथं एकटं राहायचं नाही, एवढी एकच गोष्ट आमच्या घरात पक्की होती. ती आम्हा दोघांना पक्की होती, त्यांना नव्हती. लुगडी त्यांनी कपाटात लावलीच नाहीत. पिशवीतून काढायची, धुवायची, पुन्हा पिशवीत. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पाऊस पडला की मी चालले."

"इथं काय वाईट आहे, आई?" मी विचारलं.

"वाईट कायबी नाय. पर दिसभर दारं लावलेली. माणूस बोलायला नाय. तिथं निदान येणारंजाणारं हाक मारतंय."

खरंच होतं. गल्लीत सगळे नवे, सगळ्यांचे दरवाजे लोखंडी आणि सगळ्यांना कामाची घाई. मीही दिवसभर पत्रिकांत बुडालेली. सासूबाई ओट्याजवळ स्टुलावर बसायच्या आणि खिडकीतून बाहेरच्या ड्रमांकडं बघायच्या.

त्यांची एक सवय मात्र मला पहिल्या आठवड्यातच कळली. घरात काही संपलं असं म्हणायचं नाही. आपल्याकडं ते सगळेच पाळतात, तांदूळ संपले म्हणत नाहीत, वाढले म्हणतात. पण सासूबाईंचं हे प्रकरण फारच पुढं गेलेलं होतं. दारात आलेल्यासमोर आपल्या घरात अमुक नाही, हा शब्दच त्यांना पाप वाटायचा. एकदा टँकर दोन दिवस आला नव्हता, ड्रमचा तळ दिसत होता, आणि समोरच्या घरातल्या मावशी, ज्यांना सगळी गल्ली खाला म्हणायची, कळशी घेऊन आल्या. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "भरपूर हाय. घेऊन जावा." खाला कळशी भरून गेल्या. मी चिडून म्हटलं, "आई, आता आपण काय प्यायचं?" तर म्हणाल्या, "नाय म्हणलं की नायच ऱ्हातंय बघ घरात." त्या संध्याकाळी टँकर आला. हा योगायोग मला पुढं वर्षभर ऐकावा लागला.

टँकर येण्याआधी ड्रायव्हर फोन करायचा, आणि गल्लीतला एकच फोन लागायचा, तो आमच्या खिडकीतला. त्यामुळं बायका टँकरची चौकशी करायला खिडकीशी येऊ लागल्या. मग एकीच्या लक्षात आलं की इथं आपलाही फोन लागतो. झालं! कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या ताई माहेरी बोलायला येऊ लागल्या. खाला दुबईच्या मुलाशी बोलायला येऊ लागल्या. रिचार्ज मारल्याचा मेसेज आला की नाही हे बघायलाही लोक आमच्याच खिडकीत यायचे. आतून आमचा ओटा, बाहेरून गल्ली, मधे गज, आणि गजाला डोंगल आणि चाळणी. आमची खिडकी म्हणजे पोस्ट ऑफिस झाली.

आणि सासूबाई पोस्टमास्तर! स्टूल त्यांनी थेट खिडकीला लावलं. जन्मभर मेंढरं वळलेल्या बाईला वाऱ्याची दिशा बरोब्बर कळते असा त्यांचा दावा होता, आणि रेंज हा वाऱ्याचाच प्रकार आहे हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "उगवतीकडं तोंड कर. आता जरा मागं सर. हां, हितंच थांब, हलू नको." आणि खरंच लागायचा फोन. आकडे वाचता येत नसले तरी फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या त्यांना बरोबर कळायच्या. चार काड्या दिसल्या की त्या पोटभर जेवल्यासारख्या खूश व्हायच्या. कुणाचं बोलणं कानावर पडू नये म्हणून तोंड फिरवणं वगैरे भानगड नव्हतीच. फोन झाला की सल्ला फुकट. शिलाईवाल्या ताईंच्या भावजयीचं काय चुकतंय, हे त्यांच्या माहेरच्यांच्या आधी आमच्या ओट्यावर ठरलं होतं. खालांचा मुलगा तर पुढं पुढं स्वतःहून विचारायचा, "अम्मी, वो खिडकीवाली दादी कैसी है?"

एकदा माझा फोन कस्टमर केअरला लावून मी स्पीकरवर ठेवला आणि पोळ्या करत होते. ती गोड बाई आपली म्हणतेय, कृपया प्रतीक्षा करा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. सासूबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "आगं माय, किती येळ बोलतीस? पाणी तरी पी."

मी मात्र हट्टाला पेटले होते. ओट्याशी बायकांचा मेळा, त्यात माझं टायपिंग, त्यात डोंगलची वायर पायात. मला घरात सगळीकडं रेंज हवी होती, टॉवर हवा होता. मी तक्रारीवर तक्रार करत राहिले, आणि एक दिवस जिवंत माणसाचा आवाज आला. तो म्हणाला, मॅडम, आमची माणसं येऊन सिग्नल तपासतील, रिपोर्ट वाईट आला तर पुढं पाठवू. मला इतका आनंद झाला की त्याच्याशी भांडायचंही विसरले.

माणसं आली तेव्हा मी नेमकी छापखान्यात गेलेली. परत आले तर ओट्यावर चहाचे रिकामे कप, आणि सासूबाई हसतमुख.

"तुझ्या कंपनीची माणसं आल्ती. लई गुणाची पोरं. गळ्यात पट्टे, हातात यंत्र."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, आजी, तुमच्या घरात रेंज नाय अशी तक्रार हाय." त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. "मी म्हणलं, कोण म्हणतंय? आमच्या घरात भरपूर हाय! अख्खी गल्ली हितं येऊन बोलती. त्यास्नी खिडकीपाशी नेलं, उगवतीकडं तोंड करून उभं केलं. यंत्रात लई काड्या आल्या. च्या पिऊन गेले."

संध्याकाळी मेसेज आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, सिग्नल समाधानकारक, आमची सेवा निवडल्याबद्दल धन्यवाद. नवरा तो मेसेज वाचून इतका हसला की मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. सासूबाईंना आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. घरी आलेल्या पाहुण्याला आपल्या घरात नाही म्हणून सांगायचं? तेही लेकी-सुनांच्या घराची अब्रू असताना?

टॉवर शेवटी आलाच, पण माझ्या तक्रारींनी नव्हे. आमच्या मागच्या मोकळ्या जागेत मोठ्या फ्लॅटची स्कीम उभी राहिली, आणि फ्लॅटवाल्यांसाठी कंपनीला एकदम आमच्या बाजूची आठवण झाली. एका सकाळी बेडरूममध्ये माझा फोन वाजला आणि मी दचकून गादीवरच उभी राहिले. मोरीत रेंज, जिन्यात रेंज, गच्चीत रेंज. मी डोंगल काढलं, वायर गुंडाळली, चाळणी घासून फळीवर ठेवली आणि दिवसभर गाणं म्हणत टायपिंग केलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीत कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी शिलाईवाल्या ताई आपल्या दारात उभ्या राहून माहेरी बोलत होत्या. सासूबाईंनी त्यांना हाक मारली, त्यांनी हात हलवला आणि बोलत बोलत आत गेल्या. त्या वर्षी पाऊसही बरा झाला होता, त्यामुळं टँकरची चौकशी उरली नव्हती. सासूबाई स्टुलावर बसून राहायच्या. समोर चकाचक मोकळी खिडकी. मी म्हटलं, आई, टीव्ही लावू का? त्या म्हणाल्या, "नगं."

मग एक दिवस गावाकडून निरोप आला की विहिरीला पाणी आलंय. सासूबाईंनी लुगडी पिशवीत भरली. भरली काय, ती पिशवीतच होती. आम्ही दोघांनी खूप समजावलं. नवरा चिडला, मग त्यानं हात जोडले. मनगट आठवतं का म्हणाला. त्या शांतपणे म्हणाल्या, "सांगितलं व्हतं की, पाऊस पडला की मी चालले. गंगापूरच्या गाडीत बसवून दे." ज्या टॉवरसाठी मी दोन वर्षं बोंबलत होते, तो मला त्या दिवशी खिडकीतून दिसत होता, आणि मला तो उपटून टाकावासा वाटत होता. मला त्या हव्या होत्या. फुकटच्या सल्ल्यांसकट हव्या होत्या. हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलेना, म्हणून मी समोरच्या खालांकडं गेले आणि त्यांच्यापुढं घळाघळा रडले.

दुपारी नवरा पिशवी घेऊन दारात उभा होता. सासूबाई चपला शोधत होत्या. तेवढ्यात खिडकीच्या गजावर टकटक झाली. बाहेर खाला. हातात फोन.

"बडी अम्मा, जरा आते क्या? हमारे घर में रेंज नै आरी."

त्यांच्या मागं शिलाईवाल्या ताई येऊन उभ्या राहिल्या. "आमच्यातबी नाय हो, मावशी. सकाळधरनं नाय."

मी खालांच्या हातातल्या फोनकडं बघितलं. कोपऱ्यात सगळ्या काड्या उभ्या होत्या. सासूबाईंनीही बघितल्या. काड्या त्यांना चांगल्या कळायच्या. खालाही दारात आलेल्याला कधी नाही म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. पीठ वाढलं असलं तरी त्या बरकत आहे म्हणायच्या. आणि आज त्या भर गल्लीत, चारजणींसमोर, आपल्या घरात नाही म्हणून सांगत होत्या.

सासूबाईंनी स्टूल पायानं खिडकीशी ओढलं, त्यावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

"आमच्याकडं भरपूर हाय," त्या म्हणाल्या. "उगवतीकडं तोंड करा."

नवऱ्यानं पिशवी आत ठेवली. मी फळीवरची चाळणी काढून पुन्हा गजाला लावली.