जीपचे बुश, माझी कंबर आणि कोवलमची वाळू

"आई, तुझ्या कंबरेलाच विचारू," बाळू फोनवर म्हणाला. "जीपनं कोवलमला जाऊन या. धक्क्यांनी कंबर धरली, तर जीप विकायची. गिऱ्हाईक थांबलंय. आणि खोटं बोलायचं नाही हां."

बाळू माझा मुलगा. राहतो चिपळुणात, साठीला आलाय, पण अटी अजून गोट्या खेळणाऱ्या पोरासारख्या घालतो. मी "बरं" म्हटलं आणि आमचं जाणं ठरलं.

जीप आमच्या ह्यांची. चारही चाकांना जोर लावून चिखलातून, कातळावरून, जिथं बैलही मान हलवून नाही म्हणेल तिथून जाणारी. हे गेले आणि ती पडवीत उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. माझी नात रेवा, बाळूची लेक, चेन्नईत गाड्यांच्या कंपनीत इंजिनीयर आहे. तिनं कोंबड्यांना उठवलं आणि जीप चालवत इथं अंबत्तूरला आणली. मागोमाग मलाही आणलं. ह्यांच्या शिव्या ऐकलेल्या आता दोघीच उरल्यात, जीप आणि मी. परक्याच्या दारात तिला उभी केली तर ती कुणाजवळ काय बोलेल, ह्याची मला काळजी.

तर हा प्रवास मी सांगते आणि रेवा लिहिते. मला अक्षर येत नाही. आमच्या गावात आपल्याला वाचता येतं ह्याचा तोरा ती मिरवायची, पण चेन्नईतल्या पाट्या तिलाही वाचता येत नाहीत. इथं आम्ही दोघी एकाच वर्गात.

निघायच्या आधी जीपचं दुखणं काढायला हवं होतं. खड्डा आला की खालून 'खडाक' व्हायचं, मग उरलेला 'खडाक' माझ्या मणक्यात. अंबत्तूरच्या कारखान्यांच्या गल्लीत मुरुगेसन अण्णांचं गॅरेज आहे. त्यांनी खाली शिरून सांगितलं, बुश गेलेत. बुश म्हणजे काय, तर चाकांवरच्या लोखंडी पाट्यांना टोकाला डोळा असतो, त्यात बसणारी रबराची जाड नळी. लोखंडानं लोखंडाला मारू नये म्हणून मधे पडणारी. घरात सासू-सुनेच्या मधे मुलगा असतो ना, तसेच हाल होतात तिचे. जुने बुश बाहेर आले तेव्हा वाळक्या चिंचेसारखे होते.

शुक्रवारी सकाळी जीप लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं हवेत. नवे बुश डोळ्यात जाईनात, तेव्हा अण्णांनी साबणाचं पाणी लावलं. मी म्हटलं, "अगं, हा तर कासार! माझ्या लग्नात असाच साबण लावून चुडा भरला होता." रेवानं तमिळमध्ये सांगितलं. अण्णा हसले आणि म्हणाले, "पाट्टी, बांगडी फुटली तर दुसरी. हा फाटला तर परत माझ्याकडे." पाट्टी म्हणजे आजी. इथं मी सगळ्या गल्लीची पाट्टी आहे.

आणि इथंच घोळ झाला. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो, आणि चेन्नईत राहुकाळाला कलेक्टरपेक्षा जास्त मान. अण्णांचं म्हणणं, त्याच्या आत गाडी दारातून बाहेर पडलीच पाहिजे. आमच्याकडे राहू एवढा हिंडत नाही, पण बाळूची अट डोक्यावर होती. मीही म्हटलं, "आवर गं, अपशकून नको." रेवा लिंबं आणायला धावली. अण्णांनी सगळे नट तसेच, जीप वर असतानाच, करकचून आवळले. जीप खाली आली, चाकांखाली लिंबं फुटली, कपाळावर कुंकू लागलं आणि आम्ही राहूच्या नाकासमोरून निघालो.

तुम्हाला यायचं असेल तर सांगते. शहरातून जाऊ नका. बायपासनं पोरूर ओलांडा, वंडलूरला प्राणिसंग्रहालयापाशी डावीकडे वळा, केळंबाक्कमहून कोवलमचा रस्ता सरळ समुद्राकडे जातो. आणि फोनला वाट विचारताना 'चेन्नईजवळचं कोवलम' असं ठणकावून सांगा. नुसतं कोवलम म्हटलं की तो केरळात नेतो. आम्हाला त्यानं दोनदा वळवायला बघितलं.

वंडलूरच्या पुढे केळीच्या पानावर जेवलो. भात हवा तितका, सांबार हवं तितकं, रस्सम नको म्हटलं तरी. पैसे पोटापेक्षा हलके. वाढप्यानं माझ्याकडे बघून रेवाला विचारलं, "पाट्टीला दहीभात?" मी म्हटलं, "त्याला सांग, दात आहेत माझे. पापड आण."

पण खरं सांगायचं तर पापड चावतानाही कंबर बोलत होती. 'खडाक' गेला होता, ते खरं. त्याच्या जागी दुसरंच आलं होतं. जीप टाचा उंचावून चालल्यासारखी चालत होती. खड्डा आला की वाकायचं नावच नाही, अख्खी उडायची. आणि बरोबर मी.

"आजी, ठीक आहेस ना?"

"झकास. टाळूला टप लागतोय, तेवढंच."

रेवा हसली नाही. लहानपणी ह्यांच्या मांडीवर बसून ती ह्याच जीपचं स्टेअरिंग फिरवायला शिकली. तिचे ओठ मिटले की मला कळतं.

कोवलमला कोळीवाड्याजवळ एक साधी खोली घेतली. पंखा मोठ्यानं बोलतो, पण खिडकीतून होड्या दिसतात. संध्याकाळी बाळूचा चेहरा फोनवर उगवला.

"बोल आई. कंबर?"

रेवा कपड्यांच्या घड्या घालत होती. एकच घडी तीनदा.

"आत्ताच तर पोचले," मी म्हटलं. "परत येऊ तेव्हा विचार. अर्ध्या स्वयंपाकात मिठाची चौकशी करू नये."

"म्हणजे दुखतेय."

"म्हणजे फोन ठेव."

खोटं बोलले नाही. पण उद्या बोलावं लागणार असं वाटत होतं.

सकाळी समुद्रावर गेलो. आमच्या कोकणात समुद्र संध्याकाळी सूर्य गिळतो. इथं पहाटे ओकतो. हा इकडचा आगाऊपणा मला आवडला. होड्या लागत होत्या, कोळी जाळी झटकत होते. मी एका कोळणीपाशी बसले. अंजलै तिचं नाव, आवाज आमच्या दाभोळच्या बायांसारखाच. तिनं वंजिरम दाखवली, म्हणजे आपली सुरमई. मी कल्ला उचलून पाहिला. तिनं माझा हात झटकला. मी परत उचलला. भाषा लागलीच नाही.

एवढ्यात रेवाची हाक आली. ती जीपखाली पाय बाहेर काढून झोपली होती.

"आजी! आपण वेड्या आहोत. ही जीप अजून हवेतच आहे!"

"चार पायांवर उभी आहे की."

"उभी आहे, पण रबराला वाटतंय हवेत आहे." ती तोंडाला ग्रीस फासून बाहेर आली. "नट आवळला की रबर तिथंच पकडलं जातं. आपण चाकं लोंबकळत असताना आवळलं. मग जीप खाली आणली, तर रबर पिळवटलं. ते तिला सारखं वर ढकलतंय. आधी जमिनीवर टेकवायची, तिच्यावर वजन द्यायचं, मग शेवटचं आवळायचं. हे मला माहीत आहे गं! अण्णांनाही माहीत आहे!"

"मग?"

"राहुकाळ!"

दोघी हसत सुटलो. मग ती म्हणाली, "नट ढिले करते. तू बस आत. माणसं बसल्यावर जशी उभी राहते, तशीच हवी. मागेही वजन पाहिजे."

मी अंजलैकडे पाहिलं. तिची बर्फाची पेटी, माशांची टोपली आणि ती स्वतः, तिघंही वजनदार. तिला केळंबाक्कमच्या बाजारात जायचंच होतं. रेवानं मोडक्या तमिळमध्ये सौदा केला, आधी बसायचं, मग फुकट जायचं. अंजलै पेटीसकट मागे चढली.

आम्ही दोघी जागच्या जागी उभ्या जीपमध्ये रुबाबात बसलो, आणि खालून इंजिनीयरबाईंच्या पान्याची कुरकुर. येणारे-जाणारे बघत होते. थोड्या वेळानं अंजलैनं विचारलं, रेवानं खालूनच मराठी केलं, "म्हणतेय, ही गाडी कधी चालणार? हिच्या आधी मासे पोहत जातील."

मी म्हटलं, "तिला सांग, आमच्या घरात सगळ्या गाड्या आधी रुसतात."

मग शेवटचा नट सुटला. 'कर्रर्र' आवाज झाला आणि जीप चार बोटं खाली बसली. दिवसभर पाहुण्यांपुढं ताठ उभ्या राहिलेल्या सुनेनं स्वयंपाकघरात येऊन फतकल मारावी, अगदी तशी. अंजलै "अय्यो!" म्हणून माझ्या खांद्याला धरून बसली. रेवानं तिथल्या तिथं सगळे नट हिसका देऊन आवळले.

केळंबाक्कमला अंजलैला सोडलं. तिनं उतरताना पानात गुंडाळलेला सुरमईचा तुकडा माझ्या मांडीवर टाकला आणि पैसे घेईना. परत येऊन रेवानं जीप वाळूत घातली. मऊ वाळू, मधेच होडीचे दोर, खड्डे. जीप वाकत होती, डुलत होती, सावरत होती. हे चालवायचे तेव्हा अशीच डुलायची. मी डोळे मिटले आणि कंबरेला विचारलं. ती झोपली होती.

येताना किनाऱ्याच्या हमरस्त्यानं आलो. टोल आहे, पण एका बाजूला सुरूची झाडं आणि मधेमधे समुद्र दिसतो. शनिवारी दुपारी मात्र सगळं चेन्नई उलट दिशेनं येतं, हे लक्षात ठेवा. अण्णांना रेवानं फोन केला तर ते म्हणाले, "पाट्टीला सांग, राहू नव्हता, घाई होती. सोमवारी घेऊन या, एकदा खालून बघतो."

रात्रीच्या जेवणाला सुरमई तळली. तव्यावर असतानाच बाळूचा फोन आला.

"आता बोल आई. खरं."

"दुखतेय," मी म्हटलं.

रेवाच्या हातातलं उलथनं थांबलं.

"बघ! मी गिऱ्हाइकाला—"

"थांब. काल दुखत होती ती जीपनं. आज दुखतेय ती तुझ्या जन्मापासूनची. तिचं गिऱ्हाईक आहे का कुणी? आणि आणखी एक. आज जीपचे बुश मी आत बसलेली असताना आवळलेत. रबराला आता माझ्या वजनाची सवय लागलीय. विकायचीच असेल तर मलाही बरोबर द्यावं लागेल. गिऱ्हाइकाला विचार, म्हातारी चालेल का. पापड खाते म्हणावं."

 मग बाळू हसायला लागला, अगदी ह्यांच्यासारखा, खोकत खोकत. "ठेवा," म्हणाला. "दोघींना ठेवा."

आता जीप खाली उभी असते. मागच्या सीटला अजून माशांचा वास आहे, तो जाईल असं वाटत नाही. रेवा ऑफिसला निघाली की मी गॅलरीतून बघते. ती माझ्या सीटवर तांदळाची पिशवी ठेवते, पट्टा लावते आणि वर बघून हात करते. मी म्हणते, माझं वजन तेवढं नाही गं. ती म्हणते, आहे.